उतारावरची चावी

कारखान्याचा भोंगा वाजायला लागला की आमच्या भागातल्या माणसांना मळीचा वास येतो आणि ती म्हणतात, लागला हंगाम. माझं नाक मात्र बिघडलेलं आहे. मला जळक्या मॉस्फेटचा, म्हणजे सर्किटातल्या एका बारक्या तुकड्याचा, वास येतो. ज्यानं तो घेतलेला नाही त्याला सांगून कळायचा नाही. प्लॅस्टिक, वार्निश आणि करपलेलं दूध एकदम जळावं, तसा काहीतरी असतो.

यंदाही दिवाळीचे दिवे काढले न काढले तोच ट्रॅक्टर सुरू झाले. एकामागं दोन ट्रेलर, त्यावर दुसऱ्या मजल्याइतका ऊस आणि कानठळ्या बसवणारी गाणी. पलूसहून सांगलीला कॉलेजला जाताना आमची बस त्या ट्रेलरच्या मागं रांगते. खिडकीतून पाचट आत येतं, शाळेची पोरं हात बाहेर काढून ऊस उपसायला बघतात, कंडक्टर ओरडतो आणि मग स्वतःच एक कांडं मोडून घेतो. पूर्वी मला याची मौज वाटायची. आता मी डोकं काचेला टेकवून बसते आणि पहिला तास बुडणार का एवढंच बघते. वय झालं म्हणावं तर तसं फार झालेलं नाही. दमले आहे, एवढंच खरं.

मी डिप्लोमाच्या पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. राहते माहेरी. त्याचं कारण सांगण्यासारखं आहे, पण इथं नाही. घरात अप्पा, आई आणि मी. धाकटा भाऊ विलास फौजेत आहे. अप्पाही फौजेतलेच. बर्फातल्या रस्त्यांवर मोठ्या गाड्या चालवल्या, पेन्शन घेऊन आले आणि मग ट्रॅक्टर चालवला. या माणसाचा जन्म स्टेअरिंगच्या मागं गेला. घरात ते कुणाला पाणी द्या असंसुद्धा म्हणायचे नाहीत, उठून स्वतः घ्यायचे. मागणं ही गोष्ट त्यांना जमलीच नाही कधी.

मी सांगते तो हंगाम काही वर्षांपूर्वीचा. त्या पावसाळ्यात अप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. मिरजेला नेलं, वेळेत नेलं म्हणून वाचले असं डॉक्टर म्हणाले. घरी आले तेव्हा बोलणं स्वच्छ होतं, उजवा पाय ओढत टाकायचे आणि हाताचं विचारलं की म्हणायचे, हात बरा हाय. पाय दिसत होता, हातावर आमचा विश्वास बसला.

आमचं रान कॅनॉलच्या पलीकडं आहे. धडधाकट माणसाला चालत जायला काही नाही, पण अप्पांना ते आता परदेशाइतकं लांब झालं. एकदा शेजारच्या माणसानं त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून नेलं. पडू नयेत म्हणून टॉवेलनं कमरेला बांधलं. परत आले आणि जेवायला बसले तेव्हा आईला म्हणाले, पोत्यागत नेलं मला. त्यानंतर त्यांनी कुणाच्या मागं बसायचं नाव काढलं नाही.

त्या रानात आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, ऊस उभा होता. त्याची लागण अप्पांनी दोन्ही पायांवर उभं राहून केली होती, सरीत पाय रोवून, प्रत्येक कांडीवरचा कोंब फुटायचा डोळा बघून. आता तो डोक्याच्या वर गेला होता आणि ज्यानं लावला तो घराच्या सोप्यात बसून होता. तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा चिटबॉय येऊन सांगून गेला, संक्रांतीच्या पुढं कवाबी ऊसतोडीची टोळी येईल. त्या दिवशी अप्पा मला म्हणाले, "नंदे, तोड माझ्या देखत झाली पायजे. आन मला माझं मी जायचंय." अप्पांनी माझ्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट.

मग गाडी करायची ठरली. पलूसच्या वेल्डरकडून तीन चाकांचा सांगाडा करून घेतला. कोरेगावच्या भंगारवाल्याकडं गोदामातल्या मालवाहू गाडीची एक मोटर मिळाली, उचलायला दोन माणसं लागतील अशी. सीटखाली बॅटऱ्या बसवल्या. राहिला कंट्रोलर, म्हणजे मोटरीचा वेग कमी-जास्त करणारा डबा. बाजारात मिळणारे डबे त्या मोटरीपुढं कोवळे पडत होते. ती सुरू होताना एवढा करंट ओढायची की जाड तारा हाताला कोमट लागायच्या. अप्पा म्हणाले, शिकवतीस न्हवं? मग कर की. शिकवणं वेगळं आणि करणं वेगळं हे बापाला कोण सांगणार.

आमच्या गोठ्यात आता जनावरं नाहीत. तिथं एक फळी टाकून मी बसायची. कॉलेजहून यायचं, आईनं दिलेला चहा प्यायचा आणि तिकडं जायचं. बाहेर रस्त्यावरून ट्रेलर जात, त्यांच्या धक्क्यानं पत्रा थरथरत असे. थंडी पडली होती. सोल्डरिंगचा धूर डोळ्यांत जायचा. त्या दिवसांत माझ्या बोटांना सतत कसला तरी चटका बसलेला असायचा, आणि पोरांचे पेपर तपासताना लाल पेन धरवत नसे.

कंट्रोलर काय करतो ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्याला वाटतं नळाची तोटी अर्धी फिरवून पाणी कमी करावं तसं असेल. तसं नाही. हा तोटी पूर्ण उघडतो आणि पूर्ण बंद करतो, सेकंदाला हजारो वेळा. उघडी जास्त वेळ राहिली तर मोटर जोरात, कमी वेळ राहिली तर हळू. ही उघडझाप करणारे बारके काळे तुकडे म्हणजे मॉस्फेट. ते पूर्ण उघडे असले तर सुखात असतात, पूर्ण बंद असले तरी सुखात. अर्धवट उघडे राहिले की सगळा ताप त्यांच्या अंगात उतरतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जळतात. आणि जळले की त्यांची तोटी कायमची उघडी राहते. म्हणजे मोटर पूर्ण वेगानं सुटते, उजव्या हँडलवरच्या वेगाच्या मुठीचं काही ऐकत नाही.

गोठ्यात सगळं झक्क चाललं. चाकं अधांतरी टांगून बघितली, चाकावर फळी दाबून ओझं देऊन बघितलं. अंगणात मी बसून फिरवली, मग अप्पा बसले. नव्या पोरानं सायकल दाखवावी तशी त्यांनी एक चक्कर मारून दाखवली. आईनं गाडीला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी अप्पा एकटे रानाकडं निघाले, मी तेव्हा सांगलीत वर्गावर होते.

संध्याकाळी घरी आले तर अप्पांच्या तोंडावर उसाच्या पात्यांनी कापल्याचे ओरखडे आणि शेजाऱ्यांनी ओढून आणलेली गाडी गोठ्यात, तो वास मारत. कॅनॉलच्या भरावावरून पलीकडं उतरल्यावर गाडीनं एकदम उडी घेतली आणि उभ्या उसात घुसली. अप्पांनी चावी बंद केली म्हणून थांबली. आई काही बोलली नाही, फक्त ओरखड्यांना खोबरेल लावत राहिली. आई बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

मॉस्फेट बदलले. तारा आणखी जाड केल्या, आखूड केल्या. गोठ्यात पुन्हा सगळं ठीक. अप्पा पुन्हा गेले आणि गाडी पुन्हा त्याच जागी उसात. मग आई बोलली. म्हणाली, ही गाडी मोडा न्हाईतर मला तरी कुठं पोचवा. त्यात गावातल्या लोकांची ये-जा. कुणी म्हणालं मोटर मेलेली आहे, कुणी म्हणालं चिनी माल आहे, कुणी म्हणालं त्या उतारावरच काहीतरी आहे, पूर्वीपासून आहे. आईनं कंट्रोलरच्या डब्याला लिंबू-मिरची बांधली. मी म्हटलं, अगं, लिंबाचा रस आत गळला तर खरंच भूत उठेल. तिनं ते मुकाट्यानं सोडून हँडलला बांधलं. विलासचा फोन आला, फ्यूज टाक म्हणाला. फ्यूज होताच. पण फ्यूज वितळायला वेळ घेतो, मॉस्फेट बिचारा त्याच्या आधी जाऊन मोकळा होतो आणि फ्यूज जागच्या जागी धडधाकट. हे मी वर्गात सांगते तेव्हा पोरं हसतात. तेव्हा मात्र माझ्या तोंडचं हसू पळालं होतं.

दोष शोधणं म्हणजे हुशारीचं काम असा एक समज आहे. मला तसं कधी वाटलं नाही. ते बरंचसं जिन्यातून वर-खाली करण्यासारखं काम आहे. एक गोष्ट बदलायची, चालवून बघायची, पुन्हा ती होती तशी करायची, दुसरी बदलायची. डोकं कमी लागतं, कंबर जास्त. आणि दोष जर तुमच्या समोर कधी येतच नसेल, तुम्ही नसताना एका ठराविक जागी जाऊनच उपटत असेल, तर माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागतो. त्या दिवसांत मी बसमध्ये उभ्या उभ्या झोपायची.

शेवटी एका रविवारी अप्पांना समोर बसवून विचारलं, भरावावर गेल्यापासून तुम्ही नेमकं काय काय करता, एकेक सांगा. ते जरा थांबले आणि म्हणाले, "उतारावर चावी बंद करतू. फुकट करंट कशाला घालवायचा?"

मी कपाळाला हात लावला, आणि मग हसायलाच लागले. आईसुद्धा हसली. कारण हे आमच्याकडं कुणाला नवीन नाही. उतार दिसला की आमच्या भागातल्या माणसाचा हात चावीकडं जातो. मोटारसायकल असो, जीप असो, उतार लागला की इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलमध्ये. तेवढंच पेट्रोल वाचतं. घाटात असं करू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे करतात. अप्पांसारखा मुरलेला ड्रायव्हर बॅटरीच्या गाडीवरसुद्धा काटकसर करणार, यात नवल काय? मी विचारलंही नाही पुढं काही. मला कारण मिळालं होतं आणि ते आमच्या मातीतलं होतं.

कारण बरोबर जुळतही होतं. उतार संपला की चावी पुन्हा चालू करायची, आणि मूठ तर आधीच पिळलेली. चावी दिल्यावर कंट्रोलरला जागं व्हायला क्षणभर लागतो. झोपेतनं उठवून एकदम ओझं डोक्यावर दिलं की माणूस जसा धड उभा राहत नाही, तसे त्या क्षणी मॉस्फेट अर्धवटच उघडतात, आणि सगळा भार अंगावर. गोठ्यात मी नेहमी मूठ सोडून चावी द्यायची, म्हणून तिथं कधी काही झालं नाही. मी अप्पांना सांगितलं, चावी देताना मूठ सोडलेली पाहिजे. व्हय म्हणाले. नवे मॉस्फेट बसवले, आणि गाडी पुन्हा उसात.

त्या दिवशी मी अप्पांवर चिडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, एवढं साधं सांगितलेलं कसं लक्षात राहत नाही तुमच्या? मग मी कंट्रोलरमध्येच तशी सोय केली. मूठ पूर्ण सुटलेली नसेल तर चावी देऊनसुद्धा मोटर हलणार नाही, नुसता लाल दिवा लागेल. माणसाच्या सवयीशी भांडण्यापेक्षा सर्किट बदललेलं बरं, असं मी मनाशी म्हटलं, आणि मला त्याचा जरा अभिमानही वाटला.

दोन दिवसांनी मी बसमधून उतरत होते तेवढ्यात अप्पांचा फोन. गाडी सुरू होत न्हाई. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून रानाकडं चालत गेले. उन्हं कलली होती. कॅनॉलला पाणी सोडलेलं होतं. उतार जिथं संपतो तिथं गाडी उभी होती, अप्पा तिच्यावर ताठ बसलेले, आणि लाल दिवा लागलेला. गाडीला काही झालेलं नव्हतं, मी सांगितलेलं काम ती चोख करत होती.

"मूठ सोडा, अप्पा," मी म्हटलं.

"सोडलीय की," ते म्हणाले. ते कॅनॉलच्या पाण्याकडं बघत होते.

मी त्यांच्या हाताकडं बघितलं. बोटं मुठीभोवती घट्ट मिटलेली, नखं पांढरी पडलेली. मनगटावर शिरा उभ्या. एवढे दिवस मी त्या डब्यात वाकून बघत होते, कॉलेजचं यंत्र आणून त्यातल्या लहरी बघत होते, आणि या हाताकडं एकदाही बघितलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "दिवाळीपासनं हाय. आवळती, पर सुटत न्हाई लवकर."

"मग गाडी थांबवायचा कशी?"

"चावीनं."

करंट वाचवायचा प्रश्नच नव्हता. उतारावर गाडी पळायला लागली की त्यांना वेग कमी करायचा असायचा, आणि हात ऐकायचा नाही; ब्रेकची कळही त्याच मुठीपाशी होती. डाव्या हातानं चावी बंद करणं एवढाच त्यांच्याकडं ब्रेक होता. काटकसरीची गोष्ट त्यांनी सांगितली कारण ती आम्हाला पटणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आम्ही हसलो तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हा विचार मी अजून फार वेळ करू शकत नाही.

मला रडू आलं नाही. आधी राग आला, मग तोही टिकला नाही, नुसता थकवा राहिला. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. लहानपणी जत्रेत धरला असेल तेवढाच, त्यानंतर तो हात मी हातात घेतल्याचं मला आठवत नाही. तो थंडगार होता. अप्पा म्हणाले, "आईला बोलू नगं. ती चावी काढून घील. तोड हू दे, मग काय करायचं ती करा."

मी मान हलवली. बरोबर केलं का चूक, ते मला आजही सांगता येणार नाही. मिरजेच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले असं होतं, व्यायाम सांगतो, घेऊन या. व्यायाम सुरू झाले. आणि गाडीचा वेग मी उजव्या मुठीतून काढून डाव्या अंगठ्याखालच्या एका चापावर दिला, अंगठा उचलला की आपोआप मागं जाणारा. ब्रेकची कळही डावीकडं आणली, उजवीकडं नुसता धरायला दांडा ठेवला. आईला सांगितलं, डिझाइन बदललं. तिला डिझाइन या शब्दाचा आदर आहे. गाडी त्यानंतर पुन्हा कधी उसात घुसली नाही. अप्पा रोज एकटे रानात जायचे, बांधाला उभं राहून ऊस बघायचे आणि यायचे. सुट्टीच्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून लांबून मागं चालायची. त्यांना ते कळत होतं. मागं वळून बघायचे नाहीत, एवढा मोठेपणा त्यांनी दाखवला.

आता ती गाडी आई सरपण आणायला वापरते. आधी मोडा म्हणणारी बाई आता तिला दुसऱ्याला हात लावू देत नाही. अप्पा सोप्यात बसतात आणि रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की आवाजावरून कुणाचा ते सांगतात. बरोबर का चूक हे कुणी बघायला जात नाही. भोंगा वाजला की ते घड्याळ बघतात, मी चहा टाकते. दिवस असे एकावर एक मोळीसारखे पडत जातात, आणि संध्याकाळी मला कशाचाच उत्साह उरलेला नसतो. पण हंगाम लागला की एक सकाळ मला आठवतेच.

टोळी आली ती धुक्यात. टोळीची माणसं कोयते घेऊन बांधावर उभी, बायकांच्या डोक्याला फडकी, एक लेकरू पाचटावर झोपवलेलं. आमच्याकडं तोड सुरू करण्याआधी रानाच्या मालकानं नारळ फोडायचा असतो, त्याशिवाय कोयता पडत नाही. आई ताट घेऊन आधीच पोचली होती. भावकीतले चार लोकही आले होते. अप्पा गाडीवरून आले, भराव चढून, उतार उतरून, एकटे. बांधापाशी गाडी बरोबर उभी केली, डाव्या हातानं चावी काढून खिशात घातली. टोळीचा मुकादम पुढं झाला आणि म्हणाला, या मालक, उतरा.

अप्पा उतरले नाहीत. मी लांब होते तरी मला कळलं. थंडी होती, रस्ता खडबडीत होता, उजव्या हातानं दांडा घट्ट धरून आले होते, आणि आता तो हात दांड्याला बसला होता. सगळे त्यांच्याकडं बघत होते. मी पुढं जायला पाऊल उचललं आणि थांबले. आईसमोर, भावकीसमोर, टोळीसमोर मी जाऊन तो हात सोडवणं म्हणजे त्यांनी एवढे दिवस जपलेलं सगळं उघड्यावर मांडणं. मला कळेना काय करावं.

अप्पांनी एकदा उसाकडं बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नंदे, ये गं. हात सोडव माझा. सुटत न्हाई मला."

मी गेले. करंगळीपासून सुरुवात केली. आई ताट धरून उभी होती, तिनं एकदा हाताकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि तिला सगळं कळलं हे मला कळलं. बोटं सुटल्यावर अप्पांनी तोच हात माझ्या खांद्यावर टाकला आणि खाली उतरले. उतरता उतरता बोटं पुन्हा मिटली, माझ्या खांद्यावर. आईनं पुढं येऊन नारळ त्यांच्या डाव्या हातात दिला. डाव्या हातानं नारळ फोडत नाहीत, पण भावकीतल्या म्हाताऱ्यांनीही हरकत न घेता मान खाली घातली. अप्पांनी तो दगडावर आपटला, पहिल्यांदा फुटला नाही, दुसऱ्यांदा फुटला.

मुकादमानं हाक दिली आणि पहिला कोयता पडला. अप्पांना बघायचं होतं, म्हणून आम्ही तिथंच उभे राहिलो. पहिली सरी आडवी झाली, मग दुसरी, आणि धुक्यामागचं पलीकडचं रान दिसायला लागलं. खांदा चांगलाच दुखायला लागला होता. मी हलले नाही.